नव्या वसाहतीचा आराखडा कागदावर असतानाच ती पुढे नांदती राहील का, हे कसे ओळखावे?

प्रश्न : तीनशे घरे

नमस्कार. आम्ही काही कुटुंबांनी मिळून सहकारी तत्त्वावर सुमारे तीनशे घरांची वसाहत उभारायचे ठरवले आहे. जमीन ताब्यात आली असून तीन वास्तुरचनाकारांनी आपापले प्राथमिक आराखडे निवड समितीपुढे मांडले आहेत. मी त्या समितीवर आहे, परंतु माझे शिक्षण या विषयातले नाही. तिन्ही सादरीकरणांतली चित्रे देखणी आहेत. त्यांत झाडे पूर्ण वाढलेली आहेत, रस्त्यावर एकही गाडी नाही आणि प्रत्येक बाकावर कोणी ना कोणी बसलेले आहे. जिथे तीनशे कुटुंबांच्या दोन पिढ्या राहायच्या आहेत, त्या जागेचा निर्णय अशा चित्रांवरून करणे मला योग्य वाटत नाही.

गेल्या वर्षभरात मी दहा-बारा नव्या वसाहती हिंडून पाहिल्या. त्यांतल्या दोन जवळजवळ सारख्याच होत्या. घरांचे क्षेत्रफळ, इमारतींची उंची आणि बांधकामाचा दर्जा यांत मला तरी काही फरक दिसला नाही. तरीही एकीत संध्याकाळी दारोदार माणसे उभी राहून बोलत होती, आणि दुसरीत मधोमध राखलेल्या हिरवळीच्या मोठ्या पट्ट्यावर चिटपाखरूही नव्हते. हा फरक कशामुळे पडतो आणि तो बांधकामापूर्वी नकाशावर ओळखता येतो का, हे मला समजून घ्यायचे आहे. समितीत सध्या इमारतींची उंची, गाड्यांची जागा आणि मोकळ्या जागेचे प्रमाण या तीन मुद्द्यांवर वाद चालला आहे. आम्ही भलत्याच मुद्द्यांवर अडून बसलो आहोत की काय, अशी शंका मला येते.

उत्तर १ : पायवाट

मी वीसहून अधिक वर्षे नगररचनेत काम करतो. आपण पाहिलेल्या त्या दोन वसाहतींतला फरक बहुधा घरांमध्ये नसून घरांच्या मधल्या जागेत असावा. कोणताही आराखडा हाती आला की मी प्रथम इमारती नजरेआड करतो आणि उरलेल्या जागेकडे पाहतो. त्या जागेच्या प्रत्येक तुकड्याला तीन प्रश्न विचारावेत. ही जागा कोणाची आहे? तिच्यावर कोणाची दारे उघडतात? आणि सुटीचा दिवस नसताना भर दुपारी तिथे कोणी यावे, याला काही कारण आहे का? ज्या तुकड्याला यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर नसते, तो इमारती मांडून झाल्यावर उरलेला असतो. त्याला आराखड्यात हिरवा रंग दिला म्हणून तो बाग होत नाही. म्हणून मोकळ्या जागेच्या टक्केवारीवर आपण घालत असलेला वाद मला बाजूला ठेवण्यासारखा वाटतो. तीस टक्के मोकळी जागा दहा ठिकाणी तुकड्यातुकड्यांनी विखुरली असेल, तर बारा टक्क्यांची एक नीट बांधलेली, चारही बाजूंनी दारांनी वेढलेली जागा तिच्यापेक्षा कितीतरी अधिक उपयोगी पडते.

शहरांवर लिहिणाऱ्या अमेरिकी लेखिका जेन जेकब्स यांनी १९६१ मध्येच मांडले होते की रस्ता सुरक्षित राहतो तो त्यावर असलेल्या रहिवाशांच्या सहज नजरेमुळे. हे वाक्य आज प्रत्येक सादरीकरणात असते, पण नजर हवी असेल तर तिच्यासाठी खिडकी हवी, आणि ती खिडकी माणूस दिवसभर जिथे वावरतो त्या खोलीची हवी. रस्त्याच्या बाजूला न्हाणीघरे, जिने आणि गाड्यांची गॅरेजेस ओळीने मांडली असतील, तर त्या रस्त्याकडे कोणाचेही लक्ष राहणार नाही. आपल्याकडच्या तिन्ही आराखड्यांत तळमजल्यावर रस्त्याकडे तोंड करून काय ठेवले आहे, हे एका रंगाने रंगवून पाहा. माझ्या अनुभवात तासाभराच्या या कामातून जेवढे कळते तेवढे दोन बैठकांतून कळत नाही.

याचे एक उत्तम उदाहरण इंग्लंडमधील नॉर्विच शहरातल्या गोल्डस्मिथ स्ट्रीट या वसाहतीचे आहे. नगर परिषदेने भाड्याने देण्यासाठी बांधलेल्या सुमारे शंभर घरांच्या या वसाहतीला २०१९ मध्ये स्टर्लिंग हा ब्रिटनमधला वास्तुकलेचा मानाचा पुरस्कार मिळाला. मिखाइल रिचेस या वास्तुरचनाकार संस्थेने तिथे कमी उंचीच्या घरांच्या ओळी समोरासमोर मांडल्या आणि मधला रस्ता केवळ १४ मीटर रुंदीचा ठेवला. एवढ्या अंतरावर पुढच्या ओळीची सावली मागच्या घरांवर पडू नये म्हणून छपरांचा उतार सुमारे १५ अंशांवर आणला. म्हणजे रस्ता माणसाच्या मापाचा राहिला आणि ऊनही अडले नाही. प्रत्येक घराला रस्त्यावर उघडणारे स्वतःचे दार आहे. ओळीच्या टोकाला वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांचीही दारे खाली रस्त्यावरच आहेत. परसांच्या मधून एक सामाईक बोळ जातो, जिथे मुले गाड्यांची भीती न बाळगता खेळतात. गाड्या कडेला उभ्या राहतात. घरे पॅसिव्हहाउस या ऊर्जाबचतीच्या मानकाप्रमाणे बांधलेली असल्यामुळे ती तापवण्याचा खर्च अत्यंत कमी येतो. यांतली एकही गोष्ट छायाचित्रात मोठी दिसत नाही, पण प्रत्येक गोष्ट कोणीतरी मापे घेऊन ठरवलेली आहे, आणि चांगल्या मांडणीचा माझ्या मते अर्थ हाच आहे.

गाड्यांबाबत मात्र आपली समिती भलत्या मुद्द्यावर अडलेली नाही. नगररचनेचे अभ्यासक डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोमधल्या तीन शेजारशेजारच्या रस्त्यांचा अभ्यास केला होता. एकावरून दिवसाला सुमारे २,०००, दुसऱ्यावरून ८,००० आणि तिसऱ्यावरून १६,००० वाहने जात. कमी वर्दळीच्या रस्त्यावरच्या रहिवाशाला त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते. जास्त वर्दळीच्या रस्त्यावर हा आकडा एकाच्याही खाली होता. जर्मनीतील फ्रायबुर्ग शहरात फ्रेंच लष्कराने १९९२ मध्ये सोडलेल्या छावणीच्या जागेवर वसवलेल्या फाउबान या वस्तीने यावर एक उपाय करून दाखवला आहे. तिथे बहुतेक गल्ल्यांत घरासमोर गाडी उभी करता येत नाही. ज्याला गाडी हवी त्याने वस्तीच्या कडेच्या गॅरेजमध्ये जागा विकत घ्यायची, आणि ज्याच्याकडे गाडी नाही त्याने तसे लेखी द्यायचे. गाडीपर्यंत चालत जाणे आणि ट्रामच्या थांब्यापर्यंत चालत जाणे यांत फारसा फरक उरला नाही, म्हणून माणसे ट्राम निवडू लागली.

उत्तर २ : तिसरा मजला

मी व्यावसायिक नाही. एका नव्या वसाहतीत अगदी पहिल्या वर्षापासून राहणारी रहिवासी आहे. वरच्या उत्तरातले सर्व काही मला पटते, पण त्यात एक गोष्ट आलेली नाही. कोणती गोष्ट आधी तयार होते आणि कोणती नंतर, याचा क्रम वसाहतीचे भवितव्य ठरवतो, हे मी स्वतः पाहिले आहे.

आमची मांडणी खरोखर विचारपूर्वक केलेली होती. दारे रस्त्यावर होती, चौक छान होता, तळमजल्यावर दुकानांसाठी गाळे ठेवले होते. परंतु शाळा चौथ्या टप्प्यात होती, आणि बससेवा पुरेशी वस्ती झाल्यावर सुरू होणार होती. पहिल्या दीडशे कुटुंबांनी साहजिकच दुसरी सोय पाहिली. ज्यांच्याकडे एक गाडी होती त्यांनी दुसरी घेतली आणि मुलांना दूरच्या शाळेत घातले. आठवड्याचे सामान बाहेरून एकदमच आणण्याची सवय सर्वांनाच लागली. चार वर्षांनी बस आली तेव्हा तिच्यात बसायला कोणी नव्हते, आणि प्रवासी नाहीत म्हणून तिच्या फेऱ्या निम्म्या केल्या गेल्या. गाळ्यांची भाडी विकासकाने एकेक करून बाजारभावाने ठरवली, त्यामुळे अर्धे गाळे बंद राहिले आणि उरलेल्यांत मालमत्ता विकणाऱ्यांची कार्यालये आली. चौकाच्या मांडणीत दोष नव्हता, पण चौकात यायला कारणच राहिले नाही.

याच्या उलट व्हिएन्नातल्या आस्पर्न झेश्टाट या मोठ्या वस्तीत पाहायला मिळते. जुन्या विमानतळाच्या जागेवर वसणाऱ्या या भागात यू-२ ही मेट्रो मार्गिका ऑक्टोबर २०१३ मध्ये पोहोचली, तर पहिले रहिवासी २०१४ मध्ये राहायला आले. आजूबाजूला नुसती माती असताना तिथे स्थानक उभे होते. दुकानांचे गाळेही तिथे एकाच कंपनीकडून एकत्रितपणे भाड्याने दिले जातात, म्हणजे रोजच्या गरजेची दुकाने सुरुवातीलाच आणता येतात आणि कोणते दुकान कुठे असावे याचा विचार संपूर्ण रस्ता डोळ्यांपुढे ठेवून करता येतो. तीनशे घरांच्या वसाहतीला मेट्रो मागता येणार नाही हे मला कळते. पण पहिले कुटुंब ज्या दिवशी राहायला येईल त्या दिवशी बसथांबा, एक वाणसामानाचे दुकान आणि पूर्ण झालेला एक तरी रस्ता असेल का, हे आपण प्रत्येक वास्तुरचनाकाराला विचारू शकता. नव्या घरात आल्यावर पहिल्या काही महिन्यांत ज्या सवयी लागतात, त्या पुढे मोडत नाहीत.

उत्तर ३ : जमाखर्च

माझे काम वसाहती चालवण्याचे आहे, बांधण्याचे नाही. म्हणून मला उंचीच्या वादाबद्दल लिहायचे आहे, आणि त्यासाठी दोन उदाहरणे शेजारी ठेवावी लागतील.

अमेरिकेतील सेंट लुईस शहरातल्या प्रुइट-आयगो या वसाहतीत ११ मजल्यांच्या ३३ इमारती आणि २,८७० सदनिका होत्या. मिनोरू यामासाकी यांनी तिची रचना केली, १९५४ मध्ये लोक राहायला आले आणि १९७२ मध्ये ती पाडायला सुरुवात झाली. तेव्हापासून उंच इमारती आणि आधुनिक वास्तुकला यांच्या अपयशाचा पुरावा म्हणून तिच्याकडे बोट दाखवले जाते. दोष मांडणीतही होते, हे मान्यच केले पाहिजे. लिफ्ट प्रत्येक मजल्यावर न थांबता ठरावीक मजल्यांवरच थांबत असे, त्यामुळे जिने आणि लांबलचक सज्जे कोणाच्याही देखरेखीविना राहिले. परंतु बांधकामाचा पैसा केंद्र सरकारकडून आला होता आणि देखभालीचा सारा खर्च मात्र भाड्यातून निघावा अशी अपेक्षा होती. त्याच काळात सेंट लुईसची लोकसंख्या १९५० मधल्या साडेआठ लाखांवरून १९७० मध्ये सव्वासहा लाखांच्या आसपास आली. घरे रिकामी पडू लागली, भाडे घटले, दुरुस्ती थांबली, दुरुस्ती नाही म्हणून आणखी लोक गेले. हे चक्र एकदा सुरू झाल्यावर कोणत्याही उंचीची इमारत त्यातून सुटली नसती.

दुसरे उदाहरण व्हिएन्नातले आल्ट-एर्ला. १९७३ ते १९८५ या काळात हॅरी ग्ल्यूक यांच्या रचनेनुसार उभ्या राहिलेल्या या संकुलाच्या इमारती प्रुइट-आयगोच्या दुपटीहून उंच आहेत, आणि त्यांत सुमारे ३,२०० सदनिका आहेत. उंचीच खरी अडचण असती तर हे संकुल आधी कोसळायला हवे होते. प्रत्यक्षात तिथले रहिवासी सहसा घर सोडत नाहीत. खालच्या मजल्यांवर पायऱ्यापायऱ्यांनी मागे सरकणाऱ्या गच्च्या आणि मोठाल्या कुंड्या आहेत, छतावर पोहण्याचे तलाव आहेत, आवारातच शाळा, दवाखाने आणि दुकाने आहेत. रहिवाशांचे प्रतिनिधी मंडळ आहे, छंदमंडळे आहेत, आणि या सर्वांच्या देखभालीची तरतूद व रोजचे व्यवस्थापन पहिल्यापासून गंभीरपणे केलेले आहे. छतावरचा तलाव ही चैन नाही का, असे मला कोणी विचारले की मी सांगतो की शेजारी एकमेकांना ओळखू लागतील अशी जागा त्या संकुलाला त्यातून मिळाली, आणि हजारो कुटुंबांमध्ये वाटल्यावर तिचा भार एकेकावर थोडाच पडतो.

तेव्हा समितीला माझी कळकळीची विनंती आहे की आराखड्याबरोबर तीस वर्षांचा देखभालीचा हिशेबही मागा. लिफ्ट कधी बदलावी लागेल, छताच्या जलरोधक थराची दुरुस्ती दर किती वर्षांनी येईल, दर्शनी भिंतीचे साहित्य धुता येते की दर पाच वर्षांनी रंगवावे लागते, कारंज्याचा पंप बिघडला तर तो कोण दुरुस्त करील, आणि या सर्वांसाठी दरमहा प्रत्येक घराने किती रक्कम बाजूला ठेवावी, हे आजच लिहून घ्या. ज्या गोष्टीची उस्तवार परवडणार नाही ती गोष्ट बांधूच नये. बंद पडलेले कारंजे आणि वाळलेली हिरवळ पाहून माणसाच्या मनात पहिला विचार येतो तो आपल्या वसाहतीकडे कोणाचे लक्ष नाही हाच. तेथून पुढे कचरा उचलण्यापासून वर्गणी भरण्यापर्यंत सगळेच ढिले पडते. त्याचप्रमाणे सामाईक जागेच्या प्रत्येक पट्ट्याची मालकी आणि जबाबदारी नकाशावर नोंदवा. स्थानिक प्रशासन रस्ता ताब्यात घेणार की संस्थेकडेच राहणार, हा प्रश्न अनेक वसाहतींत पहिला खड्डा पडेपर्यंत कोणी विचारलेलाच नसतो.

तीनशे घरे

तिघांचेही मनापासून आभार. आजच्या बैठकीत आम्ही तळमजला रंगवून पाहिला. मला सर्वांत आवडलेल्या आराखड्यात मुख्य रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ सलग गाड्यांची गॅरेजेस निघाली. चित्रात ती वेलींनी झाकलेली होती.

आणखी एक अडचण आहे. आमच्या सभासदांची आर्थिक कुवत सारखी नाही, आणि काही तरुण कुटुंबांना आज लहान घर परवडते पण दहा वर्षांनी मोठे लागेल. एक वास्तुरचनाकार म्हणतात की एकसारखेपणा टिकवायचा असेल तर घरांत नंतर कोणताही बदल करू देऊ नये. हे कितपत योग्य आहे?

उत्तर ४ : वाढते घर

हा सल्ला मला योग्य वाटत नाही. लोक बदल करणारच आहेत. तो बदल कुठे आणि कसा व्हावा याची सोय आराखड्यात आधीच केलेली आहे की नाही, एवढेच आपल्या हाती असते.

चिलीमधील इकिके या शहरात २००० च्या दशकाच्या आरंभी आलेहांद्रो आरावेना आणि त्यांच्या एलेमेंताल या संस्थेने किंता मोन्रोय हा प्रकल्प केला. मोक्याच्या जागेवर वर्षानुवर्षे राहणाऱ्या सुमारे शंभर कुटुंबांना मिळणाऱ्या अनुदानात जमीन घेऊन पूर्ण घर बांधणे शक्य नव्हते. शहराबाहेरच्या स्वस्त जमिनीवर त्यांना हलवता आले असते, पण तसे केले असते तर रोजगार आणि शाळा दोन्ही दुरावली असती. म्हणून संस्थेने चांगले असे अर्धे घर बांधले. पाया, मुख्य भिंती, जिना, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर, म्हणजे सामान्य कुटुंबाला स्वतः बांधायला कठीण असलेला भाग, तेवढा पूर्ण करून दिला आणि दोन घरांमध्ये तेवढीच मोकळी पोकळी सोडली. सुमारे ३६ चौरस मीटरचे घर कुटुंबाने आपल्या सवडीने दुपटीपर्यंत वाढवावे, अशी ती योजना होती, आणि लोकांनी ते वाढवलेही. वाढ मूळ चौकटीच्या आतच होत असल्यामुळे शेजाऱ्याचा उजेड अडला नाही आणि रस्ताही आक्रसला नाही.

इंदूरमधील अरण्य वसाहतीत बाळकृष्ण दोशी यांनी १९८० च्या दशकात हाच विचार कितीतरी मोठ्या प्रमाणावर मांडला होता. सुमारे साडेसहा हजार भूखंडांच्या त्या आराखड्यात सर्वांत गरीब कुटुंबाला जोते, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी एवढे मिळावे आणि घर पुढे त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे उभारावे, अशी योजना होती. वेगवेगळ्या उत्पन्नाच्या लोकांसाठी वेगवेगळ्या आकाराचे भूखंड एकाच वसाहतीत ठेवले. कसे वाढता येईल हे दाखवण्यासाठी ८० नमुना घरे बांधली. या प्रकल्पाला १९९५ मध्ये आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला.

आपल्या तीनशे घरांसाठी यातून घेण्यासारखे बरेच आहे. लहान आणि मोठी घरे एकाच ओळीत, एकाच दर्शनी साहित्यात मांडली तर कुवतीतला फरक दारावर लिहिला जात नाही. लहान घरांची इमारत वेगळी आणि तिचे प्रवेशद्वार मागच्या बाजूला, अशी मांडणी कोणी सुचवली असल्यास ती ठामपणे नाकारावी. कोणत्या भिंतीत पुढे दार पाडता येईल, गच्चीवर खोलीचा भार घेता येईल का, पाण्याच्या नळ्या कुठून नेता येतील, हे आजच ठरवले तर दहा वर्षांनी होणारी वाढ वसाहतीच्या शिस्तीत राहील. ज्या वसाहतींत हे ठरवलेले नसते तिथे बंदी कागदावर राहते आणि बाल्कन्या एकेक करून पत्र्याने बंद होतात.

पायवाट

‘जमाखर्च’ यांनी उंचीबद्दल लिहिले ते मला मान्य आहे, मात्र त्यात एक भर घालतो. उंच इमारत चांगली चालवता येते, पण तिला चालवणारी यंत्रणा लागते. तीन-चार मजल्यांची ओळ यंत्रणा थोडी कमी पडली तरी बराच काळ तग धरते. प्रुइट-आयगोच्या समोरच कार स्क्वेअर व्हिलेज ही बुटकी वसाहत होती, तशाच कुटुंबांची, आणि तिथली घरे भरलेली राहिली. तीनशे कुटुंबांच्या संस्थेला पूर्णवेळ व्यवस्थापन परवडेल का, हे पाहूनच उंची ठरवावी.

राहिला आपला मूळ प्रश्न. अंतिम निवडीपूर्वी प्रत्येक वास्तुरचनाकाराकडून रस्त्याचा उभा छेद मागून घ्या, म्हणजे समोरासमोरच्या दोन घरांच्या भिंती, खिडक्या, उंबरठे, कडेची झाडे आणि मधले अंतर एकाच चित्रात मापांसह दिसेल. देखण्या चित्रात जे लपवता येते ते या छेदात लपत नाही. मग नकाशावर बोट ठेवून आठ वर्षांचे मूल घरातून एकटे शाळेच्या बसपर्यंत कसे जाईल आणि गुडघे दुखणारी आजी दुकानापर्यंत जाताना कुठे टेकेल, हे पावलापावलाने पाहा. आणि शक्य असेल तर त्या तिघांनी दहा-पंधरा वर्षांपूर्वी बांधलेली एकेक वसाहत, त्यांना बरोबर न घेता, एखाद्या साध्या कामाच्या दिवशी संध्याकाळी पाहून या. तिथल्या रहिवाशांना घर आवडते का असे विचारू नका, कारण त्याला सगळे हो म्हणतात. शेजारच्या चार घरांत कोण राहते आणि गेल्या वर्षी संस्थेने काय दुरुस्त केले, हे विचारा.